‘ब्रीफ कोप’ मराठीत: फुकट मिळणारी प्रश्नावली आणि तिचा खरा खर्च

ताणाच्या काळात माणूस काय काय करतो हे विचारणारी ‘ब्रीफ कोप’ ही २८ विधानांची प्रश्नावली आमच्या समुपदेशन केंद्रात गेली चार वर्षे वापरात आहे आणि त्यांपैकी पहिले सात महिने आम्ही ती चुकीच्या मराठीत वापरत होतो. आमचे केंद्र सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. तेथे येणारी बहुतेक माणसे घरातल्या आजारी माणसाला वर्षानुवर्षे सांभाळणारी असतात; कोणाची सासू अंथरुणाला खिळलेली असते, कोणाचे वडील घरचा रस्ताही विसरलेले असतात, कोणाच्या तरण्या मुलाला स्किझोफ्रेनिया झालेला असतो. पहिल्या भेटीत आणि त्यानंतर तीन महिन्यांनी आम्ही त्यांच्याकडून ही प्रश्नावली भरून घेतो. जे आपल्या संस्थेत किंवा प्रबंधासाठी असेच एखादे परदेशी साधन मराठीत आणू पाहत आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. त्यात प्रश्नावलीइतकेच तिच्या भाषांतराच्या सेवेबद्दलही लिहावे लागणार आहे.

आधी मूळ वस्तूविषयी. चार्ल्स कार्व्हर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मायकेल शायर आणि जगदीश वाइनट्रॉब यांच्यासह १९८९ मध्ये ‘कोप’ नावाची बरीच लांबलचक प्रश्नावली प्रसिद्ध केली होती. ती भरताना लोक कंटाळत, म्हणून कार्व्हर यांनी १९९७ मध्ये तिचे हे आटोपशीर रूप तयार केले. यात १४ उपमापनी, म्हणजे एकेक प्रकारचे वागणे मोजणारे छोटे गट, आहेत आणि प्रत्येकीत फक्त दोन विधाने आहेत: प्रत्यक्ष कृती करणे, योजना आखणे, भावनिक आधार घेणे, सल्ला किंवा मदत घेणे, धर्माचा आधार, विनोद, स्वीकार, नाकारणे, व्यसन, स्वतःला दोष देणे, अशी ती यादी चालते. प्रत्येक विधानाला ‘मुळीच नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पर्याय आहेत. पहिली आकडेवारी आली ती १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर दक्षिण फ्लॉरिडात सावरू पाहणाऱ्या १६८ प्रौढांकडून. प्रश्नावली विनामूल्य आहे, हव्या तेवढ्याच उपमापनी निवडण्याची मोकळीक आहे आणि ती आपल्या भाषेत आणण्यास आडकाठी नाही. मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, या प्रश्नावलीचा एकत्रित गुणांक असा काही नसतो, हे कार्व्हर यांनी स्वतःच बजावून ठेवले आहे. तरीही आपल्याकडे २८ विधानांची बेरीज करून ‘सामना-क्षमता ७४’ असे लिहून मोकळे होणारे प्रबंध मी पाहिले आहेत. दारू पिण्याचे गुण आणि योजना आखण्याचे गुण एकाच बेरजेत घालून नेमके काय मोजले जाते, हे त्या प्रबंधकारांनाच ठाऊक.

अडचणी सुरू होतात त्या शीर्षकापासून. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ‘कोपिंग’ म्हणजे ताणाला तोंड देण्याची संकल्पना मांडली, तेव्हा तिच्या व्याख्येतून यश-अपयश मुद्दाम बाजूला ठेवले होते. माणूस ताणाबाबत जे काही करतो ते सगळे या व्याख्येत येते, मग त्याचा उपयोग होवो अथवा न होवो. मराठीत मात्र ‘सामना करणे’ म्हटले की छाती पुढे काढून उभे राहणेच डोळ्यांसमोर येते, आणि ‘तोंड देणे’ यातही थोडा पराक्रम आहेच. आमच्या पहिल्या प्रतीवर ‘संकटाचा सामना करण्याचे मार्ग’ असे ठळक शीर्षक होते. त्यामुळे वाचणाऱ्याने साहजिकच असा समज करून घेतला की खाली दिलेल्यांपैकी चांगले मार्ग तेवढे निवडायचे आहेत; रडणे, टाळणे, पिणे हे काही ‘सामना’ नव्हे, तेव्हा तेथे ‘मुळीच नाही’. आता आमच्या कागदावर शीर्षकच नाही. वर एवढेच छापले आहे: ‘घरात असे काही चालू असते तेव्हा माणसे वेगवेगळ्या गोष्टी करतात. गेल्या महिनाभरात तुम्ही यांतले काय आणि किती केले?’

भाषांतराचे काम आम्ही पैसे मोजून एका व्यावसायिक सेवेकडून करून घेतले होते. त्यांनी रीतसर सगळे केले. दोन भाषांतरकारांनी स्वतंत्रपणे मराठी केले, त्यांचा मेळ घालून एक प्रत बनवली गेली, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने ती परत इंग्रजीत नेली, मूळ आणि परतलेले इंग्रजी समोरासमोर छापले गेले आणि शेवटी सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र जोडले गेले. वेळ पाळली होती, शुद्धलेखन चोख होते, पत्रव्यवहारात सौजन्य होते. त्या प्रतीतले चौथे विधान असे होते: ‘मला बरे वाटावे म्हणून मी मद्य किंवा इतर औषधे घेत आहे.’ अकरावे असे: ‘यातून निभावून जाण्यासाठी मी मद्य किंवा इतर औषधे घेत आहे.’

पक्षाघात झालेल्या नवऱ्याला सांभाळणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका बाईंनी या दोन्ही विधानांपुढे ‘खूप’वर खूण केली, तेव्हा आमची कार्यकर्ती चपापली. तिने हळूच विचारले, “काकू, हे खरंच खूप का?” त्या म्हणाल्या, “अगं, रोज तीन. सकाळी साखरेची, दुपारी बीपीची आणि रात्री झोपेची. डॉक्टरांनी दिल्यात म्हणून घेते, मला काय हौस आहे?” मग मद्याचे काय, असे विचारल्यावर त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि सांगितले, “ते पुरुषांसाठी लिहिलं असेल, असं वाटलं मला.”

त्या संध्याकाळी आम्ही आधीचे सगळे कागद काढून बसलो. गोळ्या चालू असलेल्या बायकांच्या कागदांवर व्यसनाच्या रकान्यात ‘थोडेसे’, ‘मध्यम’ अशा खुणा जागोजाग होत्या आणि आम्ही त्या मान डोलावत नोंदवून घेतल्या होत्या. दोन विधाने एकमेकांशी किती जुळतात याला आपण अंतर्गत विश्वसनीयता म्हणतो. मूळ शोधनिबंधात व्यसनाच्या जोडीची विश्वसनीयता ०.९० म्हणजे चौदा जोड्यांत सर्वाधिक आहे. आमच्या कागदांवरही ती जोडी सुरेख जुळत होती, कारण दोन्ही विधानांत एकच चूक होती आणि जी बाई एका ठिकाणी गोळ्या मोजत होती ती दुसऱ्या ठिकाणीही गोळ्याच मोजत होती. विश्वसनीयतेचा आकडा चांगला आला म्हणजे भाषांतर जमले, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा असे मला वाटते.

प्रमाणपत्रात ही चूक का सापडली नाही? इंग्रजीत नशेच्या पदार्थांना आणि दवाखान्यातल्या गोळ्यांना ‘ड्रग्ज’ हा एकच शब्द चालतो. भाषांतरकाराने त्याचे ‘औषधे’ केले, परत नेणाऱ्याने ‘औषधे’चे पुन्हा ‘ड्रग्ज’ केले, आणि दोन्ही इंग्रजी वाक्ये अक्षरशः सारखी आली. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट भाषांतराची पद्धत व्यवस्थित मांडली, तेव्हाच तिच्या या फसवेपणाविषयीही लिहिले होते: दोन भाषांतरकारांच्या डोक्यात शब्दांच्या ठरलेल्या जोड्या असतात, परत नेणारा हुशार असेल तर तो वाईट वाक्यातूनही बरोबर अर्थ काढून घेतो, आणि मुळाची वाक्यरचना जशीच्या तशी ठेवली असेल तर परतीचा प्रवास फार सोपा होतो. म्हणजे मराठी जितकी ओढूनताणून इंग्रजीसारखी, तितके उलट भाषांतर निर्दोष. वाचणारी बाई या सगळ्या व्यवहारात कोठेच नसते. सेवेने सांगितले ते काम केले. काय सांगायचे ते आम्हालाच ठाऊक नव्हते. प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणण्यासाठी बीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये सुचवलेल्या सहा टप्प्यांत एक टप्पा असा आहे की तयार प्रत ३० ते ४० माणसांना द्यावी आणि प्रत्येक विधानाचा त्यांनी काय अर्थ घेतला हे विचारावे. आम्ही पैसे वाचवले ते नेमके या टप्प्यावर.

तो टप्पा मग उशिरा का होईना, आम्ही स्वतःच केला. एका वेळी एक माणूस, एक विधान, आणि प्रश्न एवढाच: ‘हे तुमच्या शब्दांत सांगा.’ दोन महिने लागले, पण चार वर्षांत या कामातून जेवढे शिकायला मिळाले तेवढे दुसऱ्या कशातून मिळाले नाही.

सर्वांत मोठा घोळ ‘सोडून देणे’ या क्रियापदाचा निघाला. मुळात सहावे आणि सोळावे विधान प्रयत्न थांबवण्याविषयी आहे, म्हणजे माणूस खचून हातातले काम टाकतो त्याविषयी. आमच्या प्रतीत ‘याला तोंड देण्याचा प्रयत्न मी सोडून देत आहे’ असे छापले होते. ऐकणाऱ्याच्या कानात त्यातले ‘सोडून देणे’ तेवढे राहत होते, आणि आपल्याकडे ‘मनाला लावून घेऊ नकोस, सोडून दे’ हा तर शहाणपणाचा सल्ला असतो. वडिलांना दोन वेळा स्वतःच्या हाताने भरवणारा एक शेतकरी म्हणाला, “सोडूनच दिलंय आता. त्याशिवाय माणूस जगेल का?” गुणांच्या हिशेबात तो हताश ठरत होता, प्रत्यक्षात तो चोविसाव्या विधानात, म्हणजे ‘याच्यासह जगायला शिकत आहे’ या ठिकाणी उभा होता. ही केवळ शब्दाची चूक नव्हती, कारण त्यामुळे माणूस एका उपमापनीतून उचलून तिच्या विरुद्ध अर्थाच्या उपमापनीत टाकला जात होता. आता तेथे ‘माझ्याने आता काही होणार नाही असे म्हणून मी हात टेकले आहेत’ असे आहे आणि ‘हात टेकले’ म्हटल्यावर कोणीही दुसरा अर्थ घेतलेला नाही.

‘मन मोकळे करणे’ ही दुसरी गाठ. इंग्रजी प्रश्नावलीत मनातली खदखद बाहेर काढणे वेगळे आणि कोणाकडून तरी धीर, समजूत मिळणे वेगळे. त्यांच्या दोन स्वतंत्र उपमापनी आहेत. मराठीत मन मोकळे करायला समोर कोणीतरी लागते आणि तो ऐकून घेतो हाच आधार असतो, त्यामुळे या वाक्प्रचाराने दोन्ही उपमापनी एकमेकींत मिसळल्या. आम्ही एका ठिकाणी ‘माझा राग, वैताग मी बाहेर काढत आहे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘माझे ऐकून घेणारे, मला धीर देणारे माणूस मला मिळत आहे’ असे बदलले. यात सारा दोष मराठीवर टाकणे योग्य होणार नाही, कारण मूळ निबंधातही खदखद बाहेर काढण्याच्या जोडीची विश्वसनीयता ०.५० म्हणजे चौदांत सर्वांत कमी आहे. फ्लॉरिडातल्या लोकांनाही ती दोन विधाने एकाच गोष्टीविषयी आहेत असे फारसे वाटले नसावे.

विनोदाच्या विधानांवर एका मुलाने सरळ आक्षेप घेतला: “बापाच्या आजारावर विनोद करतोय का, असं विचारता कसं तुम्ही?” तेथे आम्ही ‘मी हे हसण्यावारी नेत आहे’ केले. त्याने राग गेला, पण हसण्यावारी नेणे यात गांभीर्य नाकारण्याची छटाही आहे, हे मला अजून बोचते.

धर्माच्या दोन विधानांत मात्र भाषेपेक्षा खोल काहीतरी आहे. ‘माझ्या धर्मात किंवा आध्यात्मिक श्रद्धांत मी दिलासा शोधत आहे’ हे वाक्य वाचून एका आजोबांनी धर्म बदलण्याविषयी विचारता काय, असा प्रश्न केला. ‘धर्म’ हा शब्द आपल्याकडे फॉर्मवरच्या रकान्याचा किंवा भाषणातला, स्वयंपाकघरात त्याला ‘देवाचं करणे’ म्हणतात. ‘प्रार्थना’ ऐकल्यावर अनेकांना शाळा आठवते. केंद्रात बौद्ध कुटुंबे येतात, ती वंदना म्हणतात, मुस्लिम बायका नमाज आणि दुआ म्हणतात. म्हणून सत्ताविसाव्या विधानात आम्ही ‘जप, पोथी, वंदना, नमाज, प्रार्थना, ध्यान’ अशी मालिकाच दिली. शब्द जुळले, तरी मुख्य प्रश्न उरलाच. बहुतेक बायका म्हणतात, “मी तर रोजच करते. टेन्शन असो नसो.” ज्या गोष्टीचा ताणाशी संबंधच नाही ती ताणावरचा उपाय म्हणून मोजायची का? आता आम्ही जोडीला तोंडी विचारतो: ‘हे आजारपण सुरू झाल्यापासून जास्त करता का?’ त्या उत्तराला गुण नाहीत, पण समुपदेशनात उपयोग त्याचाच होतो. एवढेच नव्हे, तर वेगवेगळ्या देशांत ही प्रश्नावली वापरून केलेल्या घटक-विश्लेषणांत, म्हणजे कोणती विधाने एकत्र चालतात हे आकड्यांवरून पाहणाऱ्या अभ्यासांत, धर्माची विधाने कधी एका गटात तर कधी दुसऱ्याच गटात जाऊन बसलेली दिसतात, तेव्हा हा केवळ आमच्या तालुक्याचा प्रश्न नाही.

व्याकरणाने वेगळा त्रास दिला. इंग्रजी ‘मी’ला लिंग नसते; मराठीत ‘करतो/करते’, ‘टाळतो/टाळते’ अशा तिरप्या रेघा आल्या की वाचून दाखवणारी कार्यकर्ती अडखळते आणि ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. ‘करत आहे’ हे रूप दोघांनाही चालते, म्हणून शक्य तेथे आम्ही तेच वापरले. पर्यायांत ‘मध्यम प्रमाणात’ होते. ते गॅसच्या आचेला ठीक आहे. त्याजागी ‘बऱ्यापैकी’ आले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एका पुठ्ठ्यावर चार वाट्या काढल्या आहेत, एक रिकामी, एकीत तळाला थोडे, एक अर्ध्याहून वर भरलेली आणि एक काठोकाठ. बोट ठेवायला कोणीही लाजत नाही.

व्यसनाच्या विधानांत आता ‘दारू किंवा नशेची दुसरी कोणतीही वस्तू’ असे आहे. मिश्री आणि तंबाखू त्यात घालाव्यात असा आमच्या कार्यकर्त्यांचा आग्रह होता आणि तो चुकीचा नव्हता, कारण आमच्याकडच्या कितीतरी बायकांचा ताणाचा पहिला उपाय मिश्रीची डबी हाच आहे. पण मिश्री घातली असती तर ती विधाने मुळातल्या विधानांहून इतकी वेगळी झाली असती की इतर कोणत्याही आकड्याशी त्यांची तुलना करता आली नसती. शेवटी मिश्रीचा प्रश्न वेगळा ठेवला आणि गुणांबाहेर ठेवला. स्थानिक वास्तव आणि तुलनेची सोय यांत प्रत्येक विधानागणिक असा सौदा करावा लागतो.

या प्रश्नावलीत जे नाहीच, त्याविषयी माझी तक्रार अधिक आहे. लांब ‘कोप’मध्ये स्वतःला आवरून योग्य वेळेची वाट पाहणे ही एक उपमापनी होती; संक्षेप करताना ती गाळली गेली. आमच्याकडे येणाऱ्या माणसांना ‘तुम्ही काय करता?’ असे मोकळेपणे विचारले, तर सर्वांत आधी येणारे उत्तर ‘धीर धरतो’ हेच असते. तसेच ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे’ हे उत्तर कोठे बसवायचे? त्यात स्वीकार आहे, हताशा आहे, देव आहे, आणि बोलणाऱ्याच्या आवाजात पुष्कळदा एक प्रकारचा निर्धारही असतो. ते कोणत्याही दोन विधानांच्या जोडीत बसत नाही.

माणसांच्या बोलण्यातून सुरुवात करून साधन घडवता येते, याची उदाहरणे आहेत. झिम्बाब्वेमध्ये हरारे येथे विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शोना भाषेतली १४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे, ही तिथल्या लोकांचीच कल्पना घेतलेली आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेमुळे आपल्याकडे परिचित असलेले हेच ते पटेल. अर्थात ती प्रश्नावली आजाराच्या लक्षणांची आहे, ताणावरच्या उपायांची नाही. भारतीय पर्याय हवा असेल तर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतून किरण राव आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली ७० विधानांची, हो-नाही स्वरूपाची यादी आहे. ती लांब आहे, आमच्या पहिल्या भेटीच्या वेळेत बसत नाही. पण ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी आधी ती पाहावी.

‘ब्रीफ कोप’ घ्यावी का? समुपदेशनाच्या खोलीत, एकाच माणसाच्या दोन भेटींतला फरक पाहण्यासाठी आणि बोलणे सुरू करण्यासाठी, जरूर घ्यावी. पंधरा मिनिटांत इतके विषय उघडणारे दुसरे साधन मला सापडलेले नाही. मराठी बायका मायामीतल्या बायकांपेक्षा स्वतःला जास्त दोष देतात, असे काही सिद्ध करायचे असेल तर घेऊ नये. दोन्हीकडे विधाने सारख्याच रीतीने काम करतात हे आधी संख्याशास्त्राने दाखवावे लागते, आणि आमच्या प्रतीबाबत ते काम झालेले नाही. भाषांतर-सेवेला काम द्यायचे तर द्यावे, पण प्रमाणपत्रासाठी ठेवलेल्या रकमेतला निम्मा भाग माणसांना बसवून विधाने वाचून घेण्यासाठी राखावा. आम्हाला त्या दोन महिन्यांत चहा-बिस्किटांखेरीज फारसा खर्च आला नाही, फक्त कार्यकर्त्यांचा वेळ गेला.

आमची प्रत मागणाऱ्याला आम्ही देतो, पण ती साताऱ्याकडच्या कानांवर तपासलेली आहे. अकोल्याला किंवा सावंतवाडीला ती जशीच्या तशी छापू नये. शिवाय तिसरे विधान अजूनही अडलेले आहे. ‘हे खरे नाही असे मी स्वतःला सांगत आहे’ हे नाकारण्याचे विधान ऐकून पंढरीची वारी करणाऱ्या एका गृहस्थांनी शांतपणे ‘खूप’च्या वाटीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “सगळी मायाच आहे, यातलं खरं काय आहे?” पत्नीच्या औषधांची वेळ झाली म्हणून ते लगेच उठले. त्यांचे ते चार गुण आम्ही अजून पेन्सिलीनेच लिहून ठेवले आहेत.